नडगीवरचा अंगठा

हेझेकिया यातोरच्या खोलीत दुखणं घेऊन कुणी येत नसे. सगळे "जरा ताठलंय" घेऊन येत. टाच टेकवत नसली तरी जरा ताठलंय. गुडघा भोपळ्याएवढा सुजला तरी, "जरा ताठलंय, बोयोत, बघता का?" बोयोत म्हणजे वडीलधारा, केनियातल्या इतेनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही पोरं तसंच म्हणतात. पहाटे लाल मातीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या या गावातल्या हजारभर पायांना तेवढे दोनच शब्द पाठ होते, आणि यातोरला त्या शब्दांचा भारी राग होता.

"ताठतं ते लाकूड," तो म्हणायचा. "तुझं दुखतंय. दुखतंय म्हण."

पोरं हसायची. म्हणायची मात्र नाहीत.

खोली रस्त्याला लागूनच होती, पत्र्याची. आत एक उंच टेबल, त्यावर गादी, कोपऱ्यात स्टोव्ह आणि स्वयंपाकाच्या तेलात बाम मिसळलेली बाटली. बाहेर बाक. सकाळचं धावणं झालं, चहा आणि पाव पोटात गेला, की त्या बाकावर रांग लागे. यातोरने मालीश शिकली ती मिशनच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेकडून, आणि त्याहून जास्त चुका करून करून. सत्तावीस वर्षं तो हे करत होता. तोंडाला विचारण्यात अर्थ नाही हे तो पहिल्या महिन्यातच शिकला. तो पायाची बोटं बघायचा. दाबल्यावर अंगठा आत वळतो का, पोटाची कातडी आखडते का, श्वास मध्येच थांबतो का. एवढ्यावरून त्याला पोटरी कुठे धरली आहे, मांडीची शीर कुठे ओढली गेली आहे, हे कळायचं.

परदेशी पाहुणे आले की तो खूश. आठ-पंधरा दिवस इथल्या हवेत धावायला येणारी ती हौशी माणसं हात लागायच्या आधीच ओरडत. "किती सोपं काम," यातोर बायकोला सांगायचा. "नकाशाच हातात देतात. इथे दुखतं, इथे जास्त दुखतं, इथे मरतोय. आपल्या पोरांचं म्हणजे आंधळ्याने खिळा शोधायचा."

तोंडाने मात्र तो अखंड चालू असे. जेरुतो नावाच्या मुलीला सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होई. तिला त्याने पाण्याने भरलेली बाटली तळव्याखाली फिरवायला लावली आणि पायरीच्या कडेवर टाचा खाली सोडून पोटऱ्या ताणायला शिकवलं. "आणि अनवाणी न्हाणीकडे जायचं नाही. बिछान्याशेजारी चपला ठेव. नवऱ्याच्या घाल, पण घाल." कुणी नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी तीस किलोमीटर मारून आला की तो बूट हातात घेऊन दाराबाहेर ठेवायचा. कुणी आठवड्याला ऐंशी किलोमीटरवरून एकदम दीडशेवर उडी घेतली की, "लग्नाआधीच बारसं करतोस का?" हळूच्या दिवशी हळू धावा, झोपा, पोटभर जेवा, आणि टोचायला लागलं की त्याच दिवशी या, तीन आठवड्यांनी नको. यातलं शेवटचं सोडून पोरं सगळं ऐकत.

ते का ऐकत नाहीत हे यातोरला कुणी सांगायची गरज नव्हती. तो स्वतःच त्याचं कारण होता.

डिसेंबरात, शाळांना सुट्टी लागली की, मुलगे पुरुष होतात. तिथे काय होतं ते बाहेर बोलायचं नसतं, आणि इथेही बोलत नाही. पण एवढं शेंबडं पोरही जाणतं की सुंतेची सुरी चालते तेव्हा चेहरा हलता कामा नये. तोंडाला माती फासलेली असते; ती तडकली, पापणी लवली, की आयुष्यभर भित्रा हे नाव चिकटतं आणि घरादाराची मान खाली जाते. मग काही आठवडे मुलं गावाबाहेरच्या झोपडीत राहतात आणि एक वडीलधारा त्यांना शिकवतो. त्याला मोतिरिओत म्हणतात. त्याचा शब्द मरेपर्यंत मोडायचा नसतो. बापाशी भांडता येतं, मोतिरिओतशी नाही.

यातोर चार वेळा मोतिरिओत झाला होता, आणि चांगला झाला होता. त्याच्या हाताखालच्या एकाही मुलाची पापणी लवली नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरजही वाटली नव्हती.

आमोन किप्तारुस हा त्याच्या शेवटच्या तुकडीतला. आता सव्वीस वर्षांचा. आठ वर्षं कोच चेमवेनोच्या कॅम्पात राहून दुसऱ्यांसाठी वारा अडवत धावत होता. या वर्षी पहिल्यांदा त्याला जर्मनीतल्या एका मॅरेथॉनला बोलावणं आलं. पुढच्यांना वेग देत तीस किलोमीटर न्यायचं, आणि दम उरला तर पुढे आपलं आपण. पासपोर्ट आला तेव्हा तो बाकावरच्या सगळ्यांच्या हातांतून फिरला होता.

मॅरेथॉनला चाळीस दिवस होते तेव्हा कोच चेमवेनोने त्याला धाडलं. "डावं पाऊल आखूड पडतंय," निरोप होता. "बघून घे."

"जरा ताठलंय," आमोन म्हणाला आणि डाव्या नडगीवरून हात फिरवला.

यातोरने विचारलं, "एका जागी का सगळीकडे?"

हा प्रश्न तो नडगीच्या प्रत्येक रोग्याला विचारायचा. कारण नडगीची आतली कड वीतभर लांबीत ठणकत असेल, आणि धावून अंग तापलं की कमी होत असेल, तर स्नायू हाडावर ओढ घेतोय. वाट जरा मऊ निवडायची, अंतर कमी करायचं, पोटऱ्यांत बळ आणायचं, आणि निभतं. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दुखत असेल, बसल्या बसल्याही दुखत असेल, तर हाडाला केसाएवढी चीर आहे. मग दोन-तीन महिने धावणं बंद. त्यावर धावत राहिलं तर ती चीर आरपार जाते, आणि एक दिवस रस्त्याच्या मधोमध काठी मोडावी तसा पाय मोडतो.

"सगळीकडे थोडं थोडं," आमोन म्हणाला.

यातोरने अंगठा फिरवला. बोटं वळली नाहीत. पोट आखडलं नाही. श्वास वरखाली होत राहिला, निवांत. तीन आठवडे, एक दिवसाआड, यातोरने ती नडगी कडेकडेने खोल चोळली आणि दर वेळी म्हणाला, "चालेल. धाव."

संशय त्याला चर्चमध्ये आला. रविवारची प्रार्थना लांबली होती, लोक उभे होते, आणि दोन ओळी पुढे आमोन गात होता. त्याचं डावं पाऊल समोरच्या बाकाच्या खालच्या फळीवर टेकवलेलं होतं. पूर्ण गाणं होईपर्यंत त्याने एकदाही त्या पायावर भार दिला नाही. बाहेर पडताना तीन पायऱ्या होत्या. तो तिन्ही उजव्या पायाने उतरला. त्या दिवसाचं प्रवचन बाकी कुणी ऐकलं असेल ते असो, यातोरने नाही ऐकलं.

सोमवारी त्याने आमोनला टेबलावर घेतलं आणि तेल न लावता, एका अंगठ्याने, हाडाच्या कडेवर बोट बोट जागा सोडत दाबत गेला.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही, बोयोत."

"उतर. डाव्या पायावर उड्या मार. दहा."

आमोनने दहा उड्या मारल्या. चीर असलेला माणूस तिसऱ्या उडीला थांबतो, हे यातोरने कितीदा पाहिलं होतं. दहावी झाल्यावर आमोनने वर पाहिलं आणि मंद हसला. "अजून मारू?"

 ते हसू यातोरच्या ओळखीचं होतं. बरं असलेला माणूस असं हसत नाही.

त्याने चेमवेनोला गाठलं. दोघं आमोनला घेऊन मटाटूने, त्या खच्चून भरलेल्या भाड्याच्या व्हॅनने, एल्डोरेट शहरात गेले आणि एक्स-रे काढला. हाड स्वच्छ. काचेवर लावलेला तो काळा-पांढरा पाय बघून चेमवेनोने टाळी वाजवली. डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण शहाण्या होत्या. म्हणाल्या, "सुरुवातीच्या चिरा यात दिसतच नाहीत. मोठ्या मशीनवर दिसतील. आमचं बंद आहे, दुसरीकडे महिन्याने नंबर लागेल." मग आमोनकडे वळून म्हणाल्या, "तोपर्यंत हाडाचं खरं तुम्हालाच माहीत. दुखतं का?"

"नाही, मॅडम."

"बघा, मग मी तरी काय लिहू?" त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मॅरेथॉनला सोळा दिवस उरले होते. चेमवेनो वाईट माणूस नव्हता. परत येताना तो यातोरच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "हेझेकिया, तू नाही म्हणालास तर तो जाणार नाही. मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण नाही म्हणायचं तर मला कारण दे. जर्मनांना काय कळवू? एक्स-रे चांगला, पोरगा चांगला, पण आमच्या हेझेकियाला चर्चमध्ये काहीतरी वाटलं?"

"दोन दिवस दे."

"दोन देतो. तिसऱ्या दिवशी मला त्याचं तिकीट पक्कं करायचंय, नाहीतर त्याची जागा दुसऱ्याला जाते."

नाही म्हणणं अवघड नव्हतं. पण यातोर चुकला असेल तर? आठ वर्षं वाट बघितलेल्या पोराची एकुलती एक संधी त्याने एका वाटण्यावर खाल्ली असती. आणि हो म्हटलं, आणि तिकडे त्या परक्या रस्त्यावर तो पाय मोडला, तर आमोन पुन्हा धावणार नव्हता. खरं काय ते एकाच माणसाला माहीत होतं आणि तो तोंड उघडत नव्हता.

घरी त्याची बायको ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होती. थोरल्या मुलीच्या नावाने सगळं गाव तिला मामा जेबेट, म्हणजे जेबेटची आई, म्हणे, आणि यातोरही तेच म्हणे. त्याने तिला सगळं सांगितलं.

"तो तुम्हाला कसा सांगेल?" ती म्हणाली. "एखाद वेळी वाटेवरच्या गाढवाला सांगेल. तुम्हाला नाही सांगायचा."

"मी त्याचा शत्रू आहे का?"

"तुम्हीच शिकवलंत ना त्याला? इतक्या वर्षांचं कातडं एका दिवसात सोलून काढ म्हणताय."

"मी सुरीपुरतं शिकवलं होतं. नडगीसाठी नाही."

"असं काही सांगितलं होतंत त्या वेळी? की एवढ्यापुरतंच हं, बाकी ठिकाणी खुशाल रडा?" ती शेंग मोडत राहिली. "आणि दुसऱ्याला काय बोलता, जेबेटचे बाबा. त्या तुमच्या टाचेचं मी तीस वर्षं बघतेय. सकाळी भिंत धरून उठता. एकदा तरी दुखतं म्हणालात? मला?"

 खरं तर यातोरला चिडायचं होतं, पण चिडायला जागा सापडेना. तो स्वतः धावणारा होता, बऱ्यापैकी. टाचेमागची शीर सहा महिने ठणकत असताना तो कुणाला बोलला नव्हता, आणि एका मंगळवारी ट्रॅकवर ती तुटली. म्हणून तर तो मालीशवाला झाला. पोरांना हे माहीत होतं की त्याची शीर तुटली. ती आजही दुखते, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याने दुसरा दिवस तसाच जाऊ दिला. एखादी झोपडीतली शिकवण परत घेता येते का, याचा विचार तो करत राहिला. तसा कुठला विधी नाही. पुरुष झालेल्याला पुन्हा मुलगा करता येत नाही, आणि आजवर कुणाला तशी गरजही पडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमोन आला. बाकावर सहाजण होते, त्यातले दोघे आमोनच्याच तुकडीतले. यातोरने दार लावलं नाही. पडदाही ओढला नाही.

"झोपू?" आमोनने विचारलं.

"थांब." यातोर स्वतः टेबलावर बसला. त्याने बूट काढला, मोजा काढला आणि उजवा पाय आमोनपुढे धरला. टाचेच्या वर, जिथे शीर असते, तिथे लिंबाएवढी गाठ होती. "दाब."

"बोयोत?"

"मी सांगतोय. अंगठ्याने. जोरात."

मोतिरिओतचा शब्द. आमोनने अंगठा ठेवला आणि दाबला.

यातोर ओरडला. उगाच सोंग करावं असं त्याने मनात धरलं होतं, पण सोंगाची वेळच आली नाही; तीस वर्षांचं सगळं एकदम घशाशी आलं. "आई गं! मेलो! सोड, सोड!" त्याने टेबलाची कड धरली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाहेर बाकावरची कुजबुज थांबली. कुणीतरी फिसकन हसलं आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. आमोनच्याच तुकडीतला एकजण उठून, पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. म्हाताऱ्याला असं बघणं त्याला सोसवेना.

आमोनने हात असा काढून घेतला की जणू चुलीला लागला. "असं नका करू," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. माझं दुखतं. लग्नाआधीपासून दुखतं. मी नाही बोललो म्हणून माझी शीर तुटली. मी तुला झोपडीत शिकवलं ते एका सकाळपुरतं होतं आमोन, आणि तसं मी सांगायला विसरलो. चूक माझी. आता मीच ती मोडतोय, सगळ्यांसमोर. तू टेबलावर ये."

आमोन टेबलावर आडवा झाला. यातोर खाली उतरला, एका पायात बूट, दुसरा अनवाणी. त्याने अंगठा नडगीच्या आतल्या कडेवर ठेवला, गुडघ्यापासून खाली, जिथे त्याला इतके दिवस संशय होता तिथे. फार जोर दिला नाही.

"इथे?"

आमोन छताकडे बघत होता. चेहरा तसाच, धुतलेल्या पाटीसारखा. बोटं सरळ, पोट सैल. बाहेरून एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज लांब होत गेला. यातोरला वाटलं, संपलं, आता हा नाही म्हणणार, आणि आपल्याला अंदाजानेच एका माणसाच्या आयुष्याचा निकाल लावावा लागणार.

"हो," आमोन म्हणाला.

"काय हो?"

"दुखतं."

"एका जागी?"

"तुमचा अंगठा आहे तिथेच. फक्त तिथेच."

यातोरने श्वास सोडला. आधी त्याला आनंदच झाला, लाज वाटावी इतका. पोराचा पाय वाचला होता. जर्मनी गेली, पण पाय वाचला. तीन महिने धावणं नाही, सायकल चालव, मुर्सिकचं आंबट दूध पी, भरपूर जेव, हाड भरून येईल, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील. हे सगळं तो भराभर बोलून गेला. मग सवयीने, कुठल्याही रोग्याला विचारावं तसं, त्याने विचारलं, "कधीपासून?"

"कोचनी धाडलं त्याच्या आदल्या आठवड्यापासून."

"म्हणजे मी चोळत होतो तेव्हाही?"

"तेव्हा जास्त. धावताना एवढं नाही."

"तीन आठवडे? दर वेळी?"

"हो."

"अरे वेड्या, मग एकदा तरी बोलायचंस! हाडावर घासत होतो मी. नसतं चोळलं. नसतं धावू दिलं तुला."

आमोनने पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की हे विचारावं का लागतंय.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी तुम्ही नेमकं तिथे दाबलंत. जोरात. आणि माझ्या तोंडाकडे बघत होतात. मग म्हणालात, शाब्बास, अजून तसाच आहेस." त्याने पुन्हा छताकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही पुन्हा बघताय. मी हलतो का ते."

यातोरला आठवलं. तो म्हणाला होता. हाताखाली ती नडगी होती, समोर तो न हललेला चेहरा, आणि त्याची छाती अभिमानाने भरून आली होती.

तो बाजूच्या स्टुलावर बसला. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला रडू आलं, आणि या वेळी त्याचा आवाज झाला नाही. बाहेरून जेरुतोने दारातून डोकावून विचारलं, "बोयोत, माझा नंबर आला का?"

"कोच चेमवेनोला बोलाव," यातोर म्हणाला. "आणि येताना टेकायला दोन काठ्या आण म्हणावं. हा त्या पायावर चालत जाणार नाही."